नेहमीसारखं वागायची तयारी

आमच्या पट्ट्यात गळ्यात ओळखपत्र आणि हातात क्लिपबोर्ड असलेला माणूस दिसला की लोक आपोआप सरळ होतात. शर्ट खोचतात, चहाचा कप टेबलाखाली सरकवतात आणि गेला अर्धा तास आपण नेमकं हेच काम करत होतो असा चेहरा करतात. याला भीती म्हणत नाहीत, ऑडिट म्हणतात. चाकणपासून तळवड्यापर्यंत ज्यांची उमेदीची वर्षं कंपन्यांत गेली, त्यांच्या अंगात हे इतकं मुरलेलं असतं की घरी गॅसचा मीटर बघायला माणूस आला तरी ते आधी ओटा पुसून घेतात.

मी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत पहिल्या पाळीत स्टोअर्स बघते. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक वस्तू जागेवर, एवढंच माझं काम. घरीही माझ्या याद्या असतात. फ्रिजवर एक, पर्समध्ये एक, आणि या दोन्हींत काय लिहिलंय ते विसरू नये म्हणून तिसरी. नवरा विचारतो, लग्नाआधीच्या तुझ्या यादीत माझ्या वर कुणी होतं का? मी सांगत नाही. जुन्या याद्या मी वेळच्या वेळी निकालात काढते.

पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीची मी सचिव झाले तीही या सवयीमुळेच. एका सभेत कुणीतरी विचारलं की गेल्या सभेत काय ठरलं होतं, आणि ते फक्त माझ्याकडे लिहिलेलं निघालं. त्या दिवसापासून टाकीतलं पाणी, लिफ्टचा आवाज आणि कबुतरं हे तिन्ही विषय माझे झाले.

सोसायटीत दोन हिरव्या जागा आहेत. पहिली पुढची बाग. ती बिल्डरने माहितीपत्रकात छापली होती आणि तिच्यावर अजूनही माहितीपत्रकातल्यासारखंच प्रेम केलं जातं, म्हणजे लांबून. हिरवळीवर चालू नये अशी पाटी आहे. कडेने बाटलीच्या आकाराचे पाम आहेत, त्यांची सावली त्यांच्या स्वतःच्या बुंध्यालाही पुरत नाही. ग्रॅनाइटचे बाक आहेत. मार्चनंतर दुपारी त्यांच्यावर बसणं म्हणजे तव्यावर बसणं, तेही तेल न लावता.

दुसरी जागा म्हणजे मागची पट्टी, पंपरूम आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली. इथे पूर्वी शेत होतं. त्या वेळचं एक करंज आणि दोन कडुनिंब बिल्डरकडून तोडायचे राहून गेले. खाली माती. मातीवर लोकांनी घरातून टाकून दिलेल्या खुर्च्या: चाकं निखळलेली ऑफिसची खुर्ची, एका हाताची वेताची खुर्ची, आणि डी विंगमध्ये कुणीतरी नवा सोफा आणला तेव्हा उरलेला जुन्या सोफ्याचा एक तुकडा. या जागेला पाटी नाही. त्यामुळे इथे काय करायचं नाही ते कुणालाच माहीत नाही आणि सगळे येतात.

आता सासूबाई. त्या लातूरकडच्या, आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण बोलणं तिकडचंच राहिलं. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं की रोज चाललं नाही तर नवा गुडघाही जुन्यासारखा आखडेल. मी चालण्याचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. सासूबाईंनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं, अक्षर चांगलं आहे म्हणाल्या, आणि सोफ्यावर जाऊन बसल्या. घरात चालायची त्यांना लाज वाटायची.

“घरातल्या घरात येरझारा घालायला मी काय बाळंतिणीच्या खोलीभाईर उभा ऱ्हायलेला नवरा हाय का?”

पुढच्या बागेत मी त्यांना दोनदा नेलं. पहिल्यांदा त्या बाकावर टेकल्या आणि लगेच उठल्या. दुसऱ्यांदा टेकल्याच नाहीत. मग एका दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना मागच्या पट्टीत दोन बायका बसलेल्या दिसल्या. दोघी त्यांच्याच वयाच्या, एक सी विंगची, एक डीची. त्या काय बोलतायत ते वरून ऐकू येत नव्हतं. मी कितीही सांगून जे झालं नाही ते या एका अडचणीने केलं. सासूबाई काठी घेऊन खाली गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून चार वाजले की निघायला लागल्या.

तिथे त्या फेऱ्या मारत नाहीत. नुसत्या बसतात. पण ऊन सरकतं. करंजाखाली ऊन आलं की तिघी उठतात, खुर्च्या ओढत पहिल्या कडुनिंबाखाली जातात. तिथे ऊन आलं की दुसऱ्या. सासूबाई ऑफिसची खुर्ची दोन्ही हातांनी धरून पुढे ढकलतात आणि तिच्या आधाराने चालतात. संध्याकाळपर्यंत व्यायामाच्या बाईंनी सांगितलं होतं त्याच्याहून जास्त चालणं होतं, आणि सगळा वेळ तोंडाने डी विंगच्या सुनेचा विषय चालू असतो. गुडघा वाकायला लागला. एक दिवस त्यांना खाली वाकून स्वतःची चप्पल उचलताना मी पाहिलं आणि फ्रिजवरचं वेळापत्रक काढून टाकलं.

आणि नेमक्या त्याच महिन्यात मी सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका टाइप केली. विषय चौथा: मागील मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक टाकून वाहनतळ करणे.

विषय अध्यक्षांचा होता. अध्यक्ष एका कंपनीतून क्वालिटीचे मुख्य म्हणून निवृत्त झालेले. माणूस सरळ. दुसरी गाडी घेतलेले लोक रोज त्यांचं दार वाजवत होते आणि त्यांच्याकडे देण्यासारखी तीच एक जागा होती. झाडांचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, तिथे कोण जातं ते दाखवा, आकडा द्या, भावनेवर चालत नाही. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या, सोलायच्या थांबल्या नाहीत.

“ती जागा गेली की मी बी बसले सोफ्यावर. मग तू हाईस आन तुझा डॉक्टर हाय.”

अशा वेळी एक संशोधक मुलगी आली. पुण्यातल्या एका वास्तुकलेच्या कॉलेजात ती शिकत होती. शहरं तापत चालली आहेत, तर माणसं कुठे बसतात, कुठून चालतात, कुठली सावली खरी उपयोगाची, आणि त्यावरून इमारतींच्या मधल्या जागा कशा आखल्या तर लोक तब्येतीने बरे राहतील, असा तिचा अभ्यास होता. उपनगरातल्या काही सोसायट्या तिने निवडल्या होत्या, त्यांत आमची. तिची पद्धत साधी होती. तीन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, ठरावीक वेळाने सगळ्या आवारात चक्कर मारायची आणि जिथे माणूस दिसेल तिथे नकाशावर ठिपका द्यायचा. सोबत तिवईवर एक काळा गोळा होता, तो ती आळीपाळीने एकेका जागी उभा करून ठेवायची. त्याच्या आतल्या तापमापकावरून त्या जागी माणसाला किती झळ लागेल ते कळायचं. शिवाय ज्यांची इच्छा असेल त्यांनी आपापल्या गॅलरीतलं तापमान तीन दिवस लिहून द्यायचं, त्यासाठी छोटे तापमापक आणि तक्ते.

मला मनातून आनंद झाला. अध्यक्षांना आकडा हवा होता, ही मुलगी आकडाच घेऊन आली होती. तिने निष्कर्ष थेट सभेत मांडायचं कबूल केलं. निघताना दारात ती म्हणाली, “फक्त एक विनंती आहे. तुम्ही सगळे अगदी नेहमीसारखं वागा.”

अध्यक्ष हसले. मीही हसले. कंपनीत परदेशी ग्राहकाची माणसं बघायला यायची असतात, तेव्हा प्लँटचे साहेब आदल्या दिवशी सगळ्यांना गोळा करून हेच वाक्य म्हणतात. त्याचा अर्थ काय होतो ते या भागात कुणाला शिकवावं लागत नाही.

रविवारी कमिटी बसली. अध्यक्ष म्हणाले, बाहेरची पार्टी येतेय, आपण नेहमीसारखं वागायचंय, तर तयारी कशी करायची बोला. मी कोरा कागद घेतला. खरं सांगायचं तर कोरा कागद समोर आला की मला बाकी काही दिसत नाही. कुंपणाला रंग, नळांची गळती, वॉचमनचे गणवेश, हिरवळीला पाणी, कुठल्या विंगने बागेत किती वाजता यायचं. बाग रिकामी दिसली तर बरं दिसणार नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. दोन घरांनी आपण सकाळी योगासनं करू असं स्वतःहून सांगितलं. गेल्या आठ-दहा वर्षांत त्यांना कुणी पायाचे अंगठे धरताना पाहिलं नव्हतं.

मग आवारातल्या निरुपयोगी वस्तूंचा विषय निघाला. हे काम कंपनीत करतात तसंच करायचं ठरलं: नको असलेल्या वस्तूला लाल टॅग, आणि टॅग लागलेली वस्तू तळघरातल्या कुलपाच्या खोलीत. टॅग माझ्याकडे होतेच. फिरता फिरता आम्ही मागच्या पट्टीत आलो. ऑफिसची खुर्ची, वेताची खुर्ची, सोफ्याचा तुकडा. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. आता बाहेरून पाहुणी येणार आणि आपण तिला सोफ्याचा तुकडा दाखवणार? हे माझ्याच्याने होणं शक्य नव्हतं. तीन दिवसांचा तर प्रश्न, नंतर परत आणू, असं म्हणून मी तिन्हींना टॅग लावले.

घरी सासूबाईंना हे सांगायचं होतं, म्हणून मी दोन-तीन वाक्यं तयार करून ठेवली होती. ती लागलीच नाहीत. त्या कपाटापुढे उभ्या होत्या आणि इरकल काढायची की साधी नारायणपेठ, हे ठरवत होत्या.

“पावनी येणार, आन आम्ही मागं उकिरड्यावर बसायचं?” त्या म्हणाल्या. “आमचं ठरलंय. तिघी पुढं बसणार.”

आणि बसल्या. तीन दिवस, चारच्या उन्हात, ग्रॅनाइटच्या बाकावर खाली टर्किश टॉवेलच्या घड्या घालून, डोक्यावर पदर घेऊन, इरकल, नारायणपेठ आणि सी विंगची ठेवणीतली पैठणी. घाम निथळत होता. मी रोज ताक पाठवत होते. ती मुलगी छत्री घेऊन चक्कर मारत आली की तिघी पाठ सरळ करून गप्प बसायच्या. फोटो काढायला थांबल्यासारख्या.

बाकीच्यांचंही उत्तम चाललं होतं. योगासनं झाली. हिरवळीची पाटी तात्पुरती काढली होती, पण लोक तिच्यावरून अशा बेताने चालत होते की पाटी परवडली. काळ्या गोळ्यात कॅमेरा आहे अशी बातमी पसरल्यामुळे येणारा-जाणारा त्याच्यापुढे केस नीट करून जात होता. वॉचमन त्याला सलाम करायचा. माळ्याचं लक्ष होतं की मुलगी गोळ्यापाशी जाऊन आकडा लिहून घेते, आणि तिचा चेहरा काळजीत पडतो. त्याला वाटलं, आकडा वाईट येतोय. मग ती यायच्या आधी तो पाइप घेऊन गोळ्याच्या आजूबाजूला पाणी मारून ठेवायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आधी तो भोसरीत एका कारखान्यात होता.

आणि तक्ते. ते गोळा करायचं काम माझं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आणायला गेले तर पहिल्याच घरात कळलं की त्यांनी पहिल्या दिवशी सकाळीच तिन्ही दिवसांचे रकाने भरून ठेवले होते. एका पेनाने, एका हाताने, प्रत्येक आकडा जरासा वेगळा, संशय येऊ नये इतपत. पुढच्या घरात तेच. तिसऱ्या घरातल्या भाऊंनी मला आत बोलावून हळूच विचारलं, वहिनी, वरची मर्यादा किती धरलीय? मी एक अंश कमी ठेवलाय. मी तक्ते एकावर एक जुळवले, कोपऱ्यात पिन मारली आणि मुलीच्या हातात दिले. ती म्हणाली, इतकी पूर्ण माहिती तिला कुठल्याच सोसायटीत मिळाली नव्हती. मला बरं वाटलं.

सभा क्लबहाउसात भरली. पहिले तीन विषय कबुतरांसकट पार पडले. मग त्या मुलीने पडद्यावर नकाशा लावला. पुढच्या बागेवर गोवर आल्यासारखे ठिपके होते, लाल, दाट, बाकांपाशी तर एकमेकांवर चढलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने मागची पट्टी दाखवली. तिथे कागद कोरा होता.

ती म्हणाली, हे तिला चमत्कारिक वाटतं. संपूर्ण आवारात सगळ्यात कमी झळ याच जागेत होती, बागेपेक्षा कितीतरी कमी. तरी तीन दिवसांत एकही माणूस तिथे बसला नाही. कदाचित लोकांना ती जागा आवडत नसेल. अहवालात तिने तिला ‘वापरात नसलेली जागा’ म्हटलं होतं.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. वाईट वाटतं, पण आकडा आकडा असतो, असं ते म्हणाले आणि चौथा विषय पुकारला. मी इतिवृत्त लिहीत होते. ‘एकही माणूस नाही’ इथपर्यंत लिहिलं आणि पेन पुढे जाईना. सगळं समोर होतं. अध्यक्षांनी मागितलेला आकडा आम्ही सगळ्यांनी मिळून, राबून, उन्हात बसून शून्यावर आणला होता.

मागून सासूबाईंनी माझ्या खांद्याला काठीचं टोक लावलं. काय म्हणायली ही, असं विचारलं. मी सांगितलं, मागे कुणी बसत नाही म्हणते. त्या पुढच्या खुर्चीची पाठ धरून उठल्या.

“बाई, आम्ही रोज तिथंच बसताव. ते तीन दिवस तुझ्यासाठी म्हून पुढं बसलाव.”

मुलीला कळेना. “माझ्यासाठी? पण आजी, मी तर सांगितलं होतं की नेहमीसारखं वागा.”

“पावनं असंच म्हणतेत. जेवायचं काही करू नका म्हणतेत. मग काय उपाशी ठेवायचं?”

लोक हसले, मग हसायचे थांबले, कारण मुलगी नकाशाकडे बघत खाली बसली होती. तिचा तीन दिवसांचा घाम त्या कागदावर होता. मग मागून एकाने योगासनांचं सांगितलं. दुसऱ्याने गॅलरीच्या तक्त्यांचं. माळ्याच्या पाण्याची बातमी वॉचमनने दिली आणि माळ्याने वॉचमनच्या सलामाची. एकेक कबुली येत गेली तशी ती मुलगी नकाशावरचा एकेक कोपरा हाताने झाकत गेली, आणि शेवटी तिलाच हसू आलं. पण ते हसू काही सुखाचं नव्हतं.

अध्यक्ष मात्र हसले नाहीत. माझ्या ओळखीत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचा खोटा माल पकडला होता, आणि आज त्यांच्याच सोसायटीने त्यांच्याच देखरेखीखाली तो पास करून दिला होता.

“चौथा विषय होल्डवर,” ते म्हणाले. “खरी मोजणी होईपर्यंत तिथे एक वीटसुद्धा पडणार नाही.”

ठरलं ते असं: मुलगी महिन्याभरात कधीही येईल. न सांगता, ओळखपत्र न घालता, गोळा न घेता. कुणी काहीही तयारी करायची नाही. तशी नोटीस मलाच काढावी लागली. ‘सर्व सभासदांनी कृपया कोणतीही तयारी करू नये.’ ती फलकावर लागल्यावर मला फोन येऊ लागले की नेमकी कुठली तयारी करायची नाही, त्याची यादी मिळेल का. मी केली नाही. मला ते किती जड गेलं, त्याबद्दल सोसायटीने मला कधीच कौतुकाचं काही म्हटलेलं नाही.

लोक बिथरले. कुठलीही अनोळखी तरुण मुलगी फाटकातून आत आली की बातमी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरायची. कुरियरवाल्या एका मुलीला तीन घरांनी सरबत विचारलं. पाण्याचे नमुने न्यायला आलेल्या बाईंना योगासनवाल्यांनी आपण सहसा काहीच करत नाही असं मुद्दाम सांगितलं.

आणि खुर्च्या तळघरातच होत्या. विषय होल्डवर गेला तेव्हा त्यांचे टॅगही होल्डवर गेले. लाल टॅग लागलेली वस्तू कमिटीच्या बैठकीशिवाय सोडता येत नाही, हा नियम माझाच. बैठकीला गणसंख्या होईना. मातीत बसणं या वयात कुणाला जमणार? तिघी जणी खाली जायच्या बंद झाल्या. सासूबाई सोफ्यावर आल्या. पहिल्या आठवड्यात त्या खिडकीपर्यंत जायच्या, दुसऱ्या आठवड्यात तेही कमी झालं. गुडघा दुखतो म्हणाल्या. मी चप्पल उचलून दिली तर त्यांनी घेतली, पूर्वी घेत नव्हत्या. मी यादीत ‘खुर्च्या’ लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. नवरा म्हणाला, रेघांनी खुर्च्या वर येत असत्या तर आपल्याला लिफ्ट कशाला लागली असती?

आमच्या भागातल्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी मी पिंपरीच्या बाजारात गेले होते. चारच्या सुमाराला बसने परत आले तर घराला कुलूप. सासूबाईंचा फोन आत वाजत होता. मी पिशव्या दारातच ठेवल्या आणि खाली धावले. पुढच्या बागेत कुणी नाही. मग तळघराकडून काहीतरी खरडल्याचा आवाज आला.

तळघरातून वर येणाऱ्या गाड्यांच्या चढावर सासूबाई होत्या. ऑफिसची खुर्ची दोन्ही हातांनी धरून, वीतभर पुढे सरकवायच्या, एक पाऊल टाकायच्या, परत सरकवायच्या. काठी खुर्चीवर ठेवलेली. मागे सी विंगच्या आजी वेताची खुर्ची डोक्यावर घेऊन, आणि त्यांच्या मागे, सोफ्याच्या तुकड्याचं एक टोक डी विंगच्या आजींकडे आणि दुसरं टोक अध्यक्षांकडे. तिन्ही लाल टॅग जागच्या जागी फडफडत होते.

मी काही बोलायच्या आत अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, हे इतिवृत्तात घेऊ नका.”

नंतर कळलं ते इतकंच की सासूबाईंनी त्यांचं दार वाजवून तळघरातल्या खोलीची किल्ली मागितली होती. अध्यक्षांनी नियम सांगितला होता. त्यावर, नियम करणारी आमच्याच घरात भांडी घासती, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. त्या चढावर चांगल्या पायाच्या माणसालाही दम लागतो. सासूबाई वर पोचल्या, श्वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “उभी काय ऱ्हायलीस? धर की.” मी सोफ्याचं मधलं अंग धरलं.

आमची वरात मागच्या पट्टीत पोचली तेव्हा करंजाखाली, पंपरूमच्या पायरीवर, साध्या सलवार-कमीजमध्ये एक मुलगी पाण्याची बाटली गालाला लावून बसली होती. पुढच्या बागेत चक्कर मारताना तिला ऊन सोसेना, म्हणून सावली बघत बघत ती इकडे आली होती. आम्हाला बघून ती उठायला लागली. अध्यक्षांनी सोफा खाली ठेवला, शर्ट खोचायला हात नेला आणि मध्येच थांबवला.

सासूबाईंनी वेताची खुर्ची तिच्याकडे सरकवली. “बस. पावनी म्हून न्हाई सांगायले. बसायचं म्हून बस.”

ती बसली. तिघी बसल्या. थोड्याच वेळात पंपाचा माणूस येऊन भिंतीला टेकला, दोन आया शाळेची मुलं घेऊन आल्या, आणि डी विंगच्या सुनेचा विषय जिथे तुटला होता तिथून पुढे सुरू झाला. ऊन आलं तशा तिघी उठून कडुनिंबाखाली गेल्या. मुलीने पिशवीतून घडी घातलेला नकाशा काढला आणि ठिपके देऊ लागली, मग खुर्च्या सरकल्या तसे बाण काढू लागली. सासूबाईंनी मान पुढे करून पाहिलं, आपला ठिपका कुठला ते विचारून घेतलं.

“आन तुझा?”

“माझा नसतो, आजी. मी बघणारी.”

“सावलीला आलीस न्हवं? मग लाव.”

तिने जरा विचार केला आणि लावला.

त्यानंतर ती अजून चार-पाच वेळा आली, कधी सकाळी, कधी उतरत्या उन्हात. पुढच्या सभेत चौथा विषय कुणी पुकारला नाही, तो अध्यक्षांनी स्वतः मागे घेतला. गाड्यांसाठी मी तळघरात नव्याने पिवळे पट्टे आखले. वाकड्या लावलेल्या गाड्या सरळ केल्यावर बरीच जागा निघाली, सगळ्यांना पुरेल इतकी नाही. दुसरी गाडीवाले अजूनही अध्यक्षांचं दार वाजवतात.

उरलेल्या पिवळ्या रंगाने मी मागच्या पट्टीतही खुर्च्यांसाठी चौकोन आखले. प्रत्येक वस्तूला जागा. दुसऱ्या दिवशी साडेचारला पाहिलं तर चौकोन उन्हात आणि खुर्च्या सावलीत. तीन दिवस मी त्या परत चौकोनात नेऊन ठेवल्या. मग सोसायटीच्या सामानाच्या नोंदवहीत त्या तीन खुर्च्यांपुढे ‘स्थान’ या रकान्यात लिहिलं: ऊन सांगेल तिथे.

यंदा हिशेब तपासायला आलेल्या माणसाने त्याच ओळीवर बोट ठेवलं. म्हणाला, मॅडम, हे चालणार नाही, वस्तू प्रत्यक्ष दाखवा. मी त्याला मागे घेऊन गेले. गळ्यात ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड. दोघी मैत्रिणींनी वर घेतलेले पाय सवयीने खाली सोडले. सासूबाईंनी सोडले नाहीत. त्यांनी त्याला नखशिखान्त पाहिलं आणि सोफ्याच्या तुकड्यावरची पिशवी बाजूला केली.

“ऊन लई हाय, लेकरा. आधी बस, मग काय ते बघ.”

तो बसला.